सीताबाईंच्या वाडीत बोटाला मोकळीक

पृथ्वी सूर्याभोवती फिरते की सूर्य पृथ्वीभोवती, याबद्दल सीताबाईंचं मत काय आहे ते मला माहीत नाही. वेलीवरच्या कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते सडतं, याबद्दल मात्र त्यांचं मत विचारावं लागत नाही. वाडीचं फाटक ओलांडलं की ते आपोआप कळतं. "हात आवरा," हे त्या आधी म्हणतात. या, बसा, पाणी घ्या, हे नंतर.

वाडी म्हणजे घरामागची भाजीची जमीन. लाखनीजवळ हायवे सोडून आत वळलं की दोन्हीकडे भाताची खाचरं, इकडच्या भाषेत धानाच्या बांध्या, लागतात, आणि सगळं धान कापून झाल्यावर, जिकडेतिकडे नुसता खुंट उरलेला असताना, मधेच एक हिरवा चौकोन दिसतो. तीच ही वाडी. मांडवावर लवकी म्हणजे दुधी आणि दोडकी, कुंपणावर वाल, गोठ्याच्या कवेलूंवर, कौलांवर, चढलेली कोहळी. सानगडीच्या बाजारात सीताबाई स्वतः भाजी घेऊन बसतात, आणि उरलेली भाजी सेवकराम नावाचा व्यापारी आपल्या छोट्या गाडीतून घेऊन जातो.

नियम असा की काही दाखवायचंच असेल तर मूठ मिटून, अंगठा आत घालून दाखवावं. ते जमत नसेल तर हनुवटीनं. सीताबाईंचे यजमान सुखराम कोपरानं दाखवतात. मुलगा राजकुमार शाळेत असताना गुरुजींनी त्याला नकाशावर नागपूर दाखवायला सांगितलं, तेव्हा त्यानं नागपुरावर मूठ ठेवली. मुठीखाली अर्धा विदर्भ गेला. गुरुजींनी त्याला खाली बसवलं, आणि भूगोलात हा पोरगा पुढे जाणार नाही असं भाकीत केलं. ते खरंही ठरलं. राजकुमारचं आता लाखनीत हायवेला ट्रकच्या टायरचं दुकान आहे आणि देशातल्या बहुतेक रस्त्यांची त्याला टायरांवरून माहिती आहे.

एका वर्षी अवकाळी पावसानंतर पंचनाम्याला एक साहेब आले होते. त्यांनी "ती कोहळी पण धरायची का?" असं म्हणत सरळ तर्जनी रोखली. सीताबाईंनी त्यांना ते बोट स्वतःच्या दातांनी हलकेच चावायला लावलं, कारण दोषावर तेवढाच उतारा आहे. साहेब राजपत्रित होते, तरी चावलं. त्या वर्षी कोहळी चांगली झाली.

हा नियम सीताबाईंनी माहेरून आणलेला नाही. माहेर मोहाडीकडचं, निव्वळ धानाचं. तिथे बोट कुठेही दाखवलं तरी धानाला काही फरक पडत नसे. लग्न होऊन त्या इथे आल्या आणि पहिल्याच हिवाळ्यात छपरावरचं कोहळं पाहून, केवढं झालं म्हणून, बोट करून बसल्या. कोहळं सडलं. सासूनं ते सडकं कोहळं दोन दिवस दारातच ठेवलं. पुढचं सगळं शिक्षण सीताबाईंनी आपणहून घेतलं.

त्या अंधश्रद्ध आहेत असा कोणाचा समज व्हायला नको. त्यांना चौकशीची जबर आवड आहे. बाजारात मच्छरदाणी विकायला कोणी आला तर किंमत विचारायच्या आधी त्या विचारतात की रात्रभर बाहेर बसून राहिलेले मच्छर सकाळी जातात कुठे. मच्छरदाणीवाल्यानं हा विचार केलेला नसतो. सीताबाई त्याला तो करायला लावतात, आणि मच्छरदाणी घेत नाहीत.

अशा घरात टीना साडेतीन वर्षांची झाली.

टीना ही राजकुमार आणि रीना यांची मुलगी, सीताबाईंची एकुलती नात. गुणी मुलगी, असं सगळे म्हणत. रडत नाही, हट्ट नाही, पाहुण्यांच्या अंगावर चढत नाही. वालाच्या शेंगा दिल्या तर ओट्यावर एकापुढे एक लावत जाते, आणि रांग ओट्याच्या कडेला पोचली की पुन्हा पहिल्यापासून. मोटार सुरू केली की पाटाच्या काठाला बसून वाहतं पाणी पाहत राहते. तिला बोलता येत नव्हतं असंही नाही. "ताजी लवकी, वाडीची लवकी" ही बाजारातली हाक ती हुबेहूब आजीच्या आवाजात देई, अगदी शेवटच्या हेलासकट. फक्त ती हाक ती कोणाला देत नसे. आणि पाणी हवं असलं तर 'पाणी' म्हणत नसे. नाव घेऊन बोलावलं तर कधी वळून पाही, बहुतेकदा नाही.

हिवाळ्याच्या सुरुवातीला अंगणवाडीत मुलांच्या तपासणीचं पथक आलं. डॉक्टर तरुण होती, नवीन होती आणि प्रश्न विचारून उत्तर ऐकायची तिला सवय होती, जी पुढे सुटेल असं वाटतं. रीना टीनाला घेऊन समोर बसली. सीताबाई बाजूला बसल्या, म्हणजे जरा पुढेच.

नाव घेतल्यावर पाहते का? रीना म्हणाली, कधी कधी. सीताबाई म्हणाल्या, मन असलं तर पाहते. बाहुलीला खोटं खोटं जेवू घालते का? सीताबाई म्हणाल्या, घरी खरे जेवणारेच पुष्कळ आहेत. मग डॉक्टरनं विचारलं की हवी ती वस्तू मुलगी बोटानं दाखवते का.

"आमच्या घरी कोनीच नाई दाखवत," सीताबाई म्हणाल्या.

"कोणीच म्हणजे?"

"कोनीच म्हंजे कोनीच. हिचा बाप नाई, आजा नाई, मी नाई. वाडी हाये ना आमची."

डॉक्टरचं पेन थांबलं. अंगणवाडीच्या ताईंनी मग कोहळ्याचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. डॉक्टर हसली नाही. "हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली, आणि हे तिनं मनापासून म्हटलं. त्यानंतर तिनं आणखी एक प्रश्न विचारला: एखादी गंमत दिसली की टीना तुमच्या तोंडाकडे पाहते का, तुम्हीही ती पाहताय ना, हे बघायला? पण सीताबाई तोवर जिंकल्या होत्या. जिंकलेल्या माणसाला पुढचे प्रश्न ऐकू येत नाहीत.

डॉक्टरनं सांगितलं की एका उत्तरावरून काही ठरत नाही, म्हणूनच भंडाऱ्याला नेऊन नीट तपासणी करून घ्या. ऑटिझम आहे का ते तिथे पाहतील. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. सीताबाईंनी अर्थ विचारला. आपल्यातच रमून राहणं, असं काहीसं डॉक्टरनं सांगितलं.

"मंग ते हिच्या आज्याले हाये," सीताबाई म्हणाल्या.

सुखराम बोलण्याच्या बाबतीत काटकसरी आहेत, हे खरं आहे.

घरी वाद झाला, म्हणजे रीना बोलली आणि सीताबाईंनी उत्तरं दिली. रीनाला हे आज कळलेलं नव्हतं. माहेरी भावाकडे गेली की तिला टीनापेक्षा लहान भाचा दिसायचा, जो दिवसभर आत्याला ओढून काही ना काही दाखवायचा. मोबाईलवर तिनं यावरचे व्हिडिओ पाहिले होते, आणि पाहिल्यावर पुसून टाकले होते, कारण घरात सगळ्या दुखण्यांचं कारण मोबाईल हेच होतं.

सीताबाईंचे मुद्दे तीन. राजकुमारही उशिरा बोलला, आता गिऱ्हाइकाला बोलू देत नाही. दुसरा मुद्दा मुलीच्या जातीचा, आणि तो त्यांचा नव्हता, ललिताबाईंचा होता. ललिताबाई सानगडीच्या बाजारात सीताबाईंच्या शेजारी मुरमुरे-फुटाणे घेऊन बसतात आणि जगाचं बरंवाईट तिथूनच पाहतात. त्यांचं म्हणणं, पोरीला एकदा भंडाऱ्याला नेलं की गावाला कारण मिळतं. उद्या सोयरीक पाहायला येणारे वाडी पाहणार नाहीत, ते कारण पाहतील. साडेतीन वर्षांच्या मुलीची सोयरीक हा ललिताबाईंच्या मते जवळचाच विषय होता. तिसरा मुद्दा सीताबाईंचा स्वतःचा: ज्या घरात बोटच दाखवत नाहीत तिथे बोटाचा प्रश्न विचारायचा, हे परीक्षेत न शिकवलेल्या धड्यावर प्रश्न घालण्यासारखं आहे.

पहिल्या दोन मुद्द्यांवर रीनाकडे उत्तरं होती. तिसऱ्यावर नव्हतं. राजकुमार रात्री हाताचं ग्रीस धूत म्हणाला, माय म्हणेल तसं. लग्नापासून त्याचं हेच धोरण आहे आणि ते त्याला मानवलेलं आहे. सुखराम जेवत होते.

दोन दिवसांनी रीनाला उत्तर सापडलं. ती सासूला म्हणाली, "आई, तुम्ही म्हनता पोरगी बोट दाखवत नाई कारन तुम्ही अडवता. मंग अडवू नका ना. दाखवू द्या."

सीताबाई वालाच्या शेंगा तोडत होत्या. थांबल्या. कोणी नवा प्रश्न घातला की त्यांच्या चेहऱ्यावर एक तकाकी येते. रीनानं ती ओळखून ठेवलेली होती.

"महिनाभर बोट मोकळं," सीताबाई म्हणाल्या. "पोट्टीनं दाखवलं तं भंडाऱ्याचं नाव नाई काढाचं. नाई दाखवलं तं मी सोता येतो संग."

एवढ्यावर करार झाला. मात्र गोठ्यावरची कोहळी करारातून वगळली. मांडवावरची लवकी, दोडकी, वाल हे सगळं बोटासाठी खुलं, कोहळ्यांना जुनाच कायदा. शास्त्रज्ञ काही रोपांवर प्रयोग करतात आणि काही बाजूला ठेवतात, त्याला एक नाव आहे. सीताबाईंनी त्याला सावधपणा म्हटलं.

मुलीनं पाहून शिकावं म्हणून आधी घरानं बोट दाखवायला हवं होतं, आणि इथे अडचण आली. सीताबाईंचं बोट सरळच होईना. लवकीकडे हात नेला की तर्जनी आपली आपण मिटे, जशी लाजाळू मिटते. त्या ओट्यावर बसून भिंतीकडे, बादलीकडे, कोंबडीकडे बोट करून सराव करू लागल्या. दारावरून जाणाऱ्या बायांना वाटलं, बाईच्या हाताला काही झालं. उलट सुखरामांना बोट एकदम साधलं. मीठ हवं, बोट. बैल सुटला, बोट. कवेलू फुटलं, बोट. जन्मभर जे थोडेफार शब्द खर्च होत होते तेही वाचतात हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या महिन्यात ते जवळजवळ बोललेच नाहीत. राजकुमार दुकानात गिऱ्हाइकाच्या टायरमधला खिळा बोटानं दाखवतच होता, पण घरी येऊन दाखवताना तो आईकडे पाही, आणि मग दाखवी.

टीना या सगळ्याकडे पाही. म्हणजे बोटाकडे पाही. आजीनं लवकीकडे बोट केलं की टीना बोटाजवळ येई, नखात अडकलेली माती निरखी, आणि निघून जाई. चंद्र दाखवणाऱ्या बोटाकडे पाहू नये, चंद्राकडे पाहावं, असं जाणते लोक सांगत आले आहेत. टीनाला बोट पुरेसं होतं.

सीताबाईंना प्रश्न पडला की मग इतर मुलं काय पाहतात. सानगडीच्या बाजारात त्यांनी मुलं पाहायला सुरुवात केली. तोवर त्यांनी बाजारात मुलांना फक्त भाजीवर पाय देऊ नये म्हणून पाहिलेलं होतं. आता गिऱ्हाइकाला दोडकी मोजून देता देता त्या त्याच्या कडेवरच्या लेकराकडे पाहत. वय विचारत. बोलते का, कधीपासून, आधी काय म्हणाली. आया आनंदानं सांगत, कारण हा प्रश्न आयांना कोणी पुरेसा विचारत नाही. मागे गिऱ्हाइकं ताटकळत.

"भाजी इकून राहिली का जनगणना करून राहिली?" ललिताबाईंनी विचारलं.

फुगेवाला आला की सीताबाई सावध होत. कडेवरची, खांद्यावरची, बोट धरून चालणारी, सगळी मुलं फुग्याकडे बोट करत. हे अपेक्षितच होतं. पण त्यानंतर एक गोष्ट घडे, जी सीताबाईंनी इतकी वर्षं बाजारात बसून पाहिली नव्हती. बोट फुग्याकडेच राही, आणि मूल मान वळवून आईच्या तोंडाकडे पाही. मग पुन्हा फुग्याकडे. मग पुन्हा आईकडे. दोन मुलं पाहिली, चार पाहिली. सगळी तसंच करत. एका मुलाला अजून चालताही येत नव्हतं, त्यानंही तेच केलं.

"बोट तिकडं अन् डोये मायकडं," त्यांनी घरी येऊन रीनाला सांगितलं. आवाजात शोध लागल्याचा आनंद होता.

रीना म्हणाली, डॉक्टरबाईनं शेवटचा प्रश्न नेमका हाच विचारला होता. सीताबाईंना तो आठवेना. रीनानं शब्दन् शब्द सांगितला. सीताबाई म्हणाल्या की डॉक्टरबाई हुशार आहे, पण तिनं जरा मोठ्यानं विचारायला हवं होतं.

महिना अर्ध्यावर आला. मांडवावरच्या लवक्यांपैकी एक-दोन सडल्या. दरवर्षी माशी लागून तेवढ्या सडतातच. बोटानं सडल्या की माशीनं, हे सांगता येणार नाही, असं सीताबाई म्हणाल्या, आणि शंका अशी मोकळी सोडणं हे त्या वाडीत पहिल्यांदाच घडत होतं.

टीनाचं मागणं वेगळ्या तऱ्हेचं होतं. तिला काही हवं असलं की ती आजीचं मनगट धरी आणि आजीचा हात त्या वस्तूपर्यंत नेऊन ठेवी: डब्यावर, कडीवर, नळाच्या तोटीवर. घरातल्या दुसऱ्या कोणाचा हात ती फारसा धरत नसे. सीताबाई ही गोष्ट गावभर सांगत. नात माझ्याशिवाय कोणाला हात लावत नाही. डॉक्टरलाही त्यांनी हे सांगितलं होतं, आणि तिनं ते लिहून घेतलं म्हणून त्यांना बरं वाटलं होतं.

एका सकाळी सेवकराम भाजी न्यायला आला होता. तोटीजवळ तो आणि सीताबाई लवक्या धूत होते. धुवून झालं, सीताबाईंनी तोटी बंद केली. टीना आली, आजीचं मनगट धरलं आणि हात तोटीवर नेऊन ठेवला. पाणी सोड, असा त्याचा अर्थ. बाजारातली मुलं सीताबाईंच्या डोक्यात होती, म्हणून असेल. त्यांनी हात सैल सोडला आणि टीना आता आपल्या तोंडाकडे पाहते का ते पाहत राहिल्या.

टीनानं पाहिलं नाही. तिनं हात पुन्हा तोटीवर ठेवला. तो पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा तिनं तो जरा जोरानं दाबला, गंजलेली कडी दाबावी तसा. मग तोटी चालू होत नाही असं दिसल्यावर आजीचा हात तिनं सोडून दिला, बाजूला उकिडव्या बसलेल्या सेवकरामचं मनगट धरलं आणि त्याचा हात तोटीवर ठेवला. सेवकरामला ती नावानं सोडा, तोंडानंही ओळखत नव्हती. तिनं त्याच्या तोंडाकडे आजवर पाहिलेलंच नव्हतं. सेवकरामनं तोटी सोडली. "मले ओळखते वाटते पोट्टी," तो खूश होऊन म्हणाला.

टीना पाण्याकडे पाहत होती. तीही खूश होती.

सीताबाई लवक्या गाडीत भरू लागल्या त्या एकही शब्द न बोलता. सेवकरामला वाटलं, भाव पटला नाही. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि पुढेही त्यांनी ही गोष्ट घरात कोणाला सांगितली नाही. ज्या बाईच्या तोंडून शेजारच्या म्हशीचं दूध आटल्याची बातमी दुपारपर्यंत दोन गावं फिरून येते, तिच्या बाबतीत दोन दिवससुद्धा मोठा काळ आहे. नातीनं आपल्याला सोडलं असं नव्हतं. ती संध्याकाळी येऊन पुन्हा त्यांचं मनगट धरून उभी राहिली. पण इतके दिवस त्या ज्याला जवळीक म्हणत होत्या, त्यात आपण नक्की किती आहोत आणि तोटी किती आहे, हे त्यांना आता कळेनासं झालं.

यावर त्यांनी जे केलं ते कोणीही केलं असतं. त्यांनी शिकवणी सुरू केली. रोज सकाळी टीनाला मांडीवर घ्यायचं, तिची मूठ हातात धरायची, तर्जनी तेवढी उघडायची, हात पुढे करायचा आणि म्हणायचं, दाखव. हात आपणच न्यायचा, आपणच शाबास म्हणायचं, गुळाचा खडा द्यायचा. रीनानं पाहिलं आणि चालू दिलं. करारात शिकवू नये असं कुठे होतं?

आणि टीना शिकली. ती हुशार होतीच. आजीची हाक जिनं हेलासकट उचलली तिला एक बोट उचलणं काय कठीण. 'दाखव' म्हटलं की मूठ उघडे, तर्जनी ताठ होई.

महिना संपायला आला तेव्हा ललिताबाई घरी आल्या. त्यांच्याकडे बारसं होतं, मोठं कोहळं हवं होतं. मुद्दा अर्थातच कोहळं नव्हता. कराराचं काय झालं हे पाहायचं होतं. अंगणात रीना होती, सुखराम खाटेवर होते, राजकुमार दुकानाला निघत होता. सीताबाईंनी टीनाला पुढे घेतलं आणि म्हटलं, "टीना, दाखव."

टीनानं हात लांब केला आणि बोट रोखलं.

"झालं!" ललिताबाई म्हणाल्या. "चांगली दाखवून राहिली तं पोट्टी. आता कायचा भंडारा अन् कायचं काय. उगीच जिवाले घोर." रीनाकडे पाहून त्यांनी पुढे जोडलं की आजकालच्या पोरी मोबाईल पाहून दुखणी काढतात.

राजकुमारनं सुटकेचा श्वास टाकला. रीना आत गेली आणि भांडी घासू लागली. भांडी घासलेलीच होती.

सीताबाई मात्र बोट जिकडे होतं तिकडे पाहत होत्या. बोट गोठा आणि मांडव यांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे होतं. तिथे काही नव्हतं. पक्षी नव्हता, फळ नव्हतं, पलीकडे धानाचा खुंट आणि वर आभाळ. टीनाचे डोळे तिकडेही नव्हते आणि आजीकडेही नव्हते. ते पायाजवळच्या मुंग्यांकडे होते. बोट मात्र तसंच, 'बस' म्हणेपर्यंत, ताठ. सीताबाईंनी बस म्हटलं. टीनानं बोट मिटलं, गुळासाठी हात उघडला, गूळ घेतला आणि मुंग्यांजवळ बसली.

ललिताबाई कोहळं घेऊन गेल्या. करारानं सीताबाई जिंकल्या होत्या, साक्षीदारासकट.

रात्रीच्या जेवणाला सगळे बसले असताना त्यांनी तोटीची गोष्ट सांगितली, सेवकरामसकट, काही न गाळता. राजकुमार म्हणाला, पण आज तर तिनं बोट दाखवलं.

"ते बोट माह्यं होतं," सीताबाई म्हणाल्या. "मी उभं केलं म्हून उभं झालं. तिले काई दाखवाचंच नव्हतं."

मग सुखराम, ज्यांनी महिनाभर शब्द साठवून ठेवले होते, म्हणाले, "मंग नेऊन आना." आणि भात वाढून घेतला.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण माणसं तशी सरळ नसतात. दुसऱ्या दिवशी रीनाच म्हणू लागली की एवढी घाई काय. मावसबहिणीचं लग्न होऊन जाऊ द्यावं. थंडी कमी होऊ द्यावी. तिथे गर्दी असते. महिनाभर जी भंडाऱ्याचा रस्ता धरून बसली होती ती रस्ता मोकळा झाल्यावर पाय मागे घेऊ लागली. सीताबाईंनी दोन कारणं ऐकून घेतली. तिसऱ्याला त्यांनी विचारलं, "तुले भेव कायचा हाये?"

रीना बराच वेळ टीनाचे केस विंचरत राहिली. मग म्हणाली, "त्यायनं हो म्हटलं तं?"

"तं हो. नाई म्हटलं तं नाई. पोट्टी तं तेच राहन ना. उद्या पानी पायजे असन तं माहाच हात धरन." सीताबाईंनी पुढे म्हटलं, "मी इतके दिवस गावभर सांगून राहिली का हे मले ओळखते. हे मले कशी ओळखते, काय समजते, ते कोनाले तरी माहीत असन का नाई? मले ते आयकाचं हाये."

रीनानं वेणी घातली. लग्नाचा विषय पुन्हा निघाला नाही.

अंगणवाडीच्या ताईंनी फोन करून दिवस ठरवला आणि तो नेमका सानगडीच्या बाजाराचा निघाला. सीताबाईंनी बाजार चुकवलेला कोणाला आठवत नाही. राजकुमारच्या लग्नाच्या आठवड्यातही त्या बसल्या होत्या आणि गिऱ्हाइकांना हळद लागलेल्या हातानं भाजी दिली होती. जागा रिकामी राहिली तर लसूणवाला सरकून येतो, आणि एकदा सरकलेला लसूणवाला मागे जात नाही. म्हणजे आधीच्या बाजारी कोणाला तरी सांगून ठेवणं आलं, आणि ते सांगायला शेजारी एकच होतं.

राजकुमारनं सुचवलं, दवाखान्याचं काम आहे म्हण, माझी कंबर दुखते म्हण. रीना सासूकडे पाहत होती.

त्या बाजारी दुपारी गर्दी ओसरल्यावर सीताबाई ललिताबाईंना म्हणाल्या, "पुढच्या बाजारी माह्या जागेवर तुमचं पोतं मांडून ठेवजा. मी नाई येत."

"काहून वो? कुठी जाऊन राहिली?"

"भंडाऱ्याले. नातीले दाखवाले."

ललिताबाईंचा फुटाण्याचं माप धरलेला हात तसाच राहिला. "अवं, पन तिनं तं बोट दाखवलं. मी सोता पायलं." मग आवाज खाली आणून, लसूणवाल्याकडे एक नजर टाकून त्यांनी विचारलं, "मंग झालं काय पोट्टीले?"

सीताबाईंनी आवाज खाली आणला नाही. लसूणवाल्याला ऐकू गेलं, पलीकडच्या बांगड्यावालीला ऐकू गेलं, आणि समोर वांगी निवडत असलेल्या बाईनंही मान वर केली.

"तेच तं इचाराले जाऊन राहिली," सीताबाई म्हणाल्या, आणि त्या बाईची वांगी तराजूत घेतली.